गुटी बांधणारे हात

टीव्हीवाले निमगाव केतकीला आमच्या डाळिंबाच्या बागेत आले, तेव्हा मी आठवीत होते. शेतकऱ्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात आमची बाग दाखवणार होते. वडील इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर घडाघडा बोलले. बोलण्यात ते कधीच कमी नव्हते. पण गुटी बांधून दाखवा म्हटल्यावर त्यांची बोटं अडखळली. फांदीची साल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वर प्लॅस्टिक गुंडाळून नवं रोप धरायचं, हे सगळं काम आईचं. माहेरी, कन्हेरीला शिकून आली होती ती. "नुसते हात घेऊ," कॅमेरावाला म्हणाला. मग आईनं बांधून दाखवली.

पुढचे पंधरा दिवस आईचा पाय जमिनीवर ठरेना. टीव्हीत माझं काम दावणार हायती, बघा, असा निरोप तिनं माहेरी धाडला. मला मात्र धाकधूक होती, कारण वडील काय बोलले ते मी ऐकलं होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अख्खी आळी आमच्या ओसरीवर जमली. पडद्यावर आईचे हात आले, मनगटभर बांगड्या, आणि वरून वडिलांचा आवाज: "गुट्या मी स्वतः बांधतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

शेजारचे तात्या म्हणाले, "आबा, बांगड्या कवा भरल्या म्हनायच्या?"

हशा पिकला. वडिलांनी ताडकन उठून टीव्ही बंद केला. आई दारातून आत निघून गेली. मला वडिलांचा भयंकर राग आला, आणि थोडी कीवही आली.

चार दिवस घरात भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

पाचव्या दिवशी भवानीनगरकडचे तीन शेतकरी आले. टीव्हीत बघितलं, आम्हालाही गुटी शिकवा म्हणाले. वडिलांनी चहा मागवला, जरा खाकरले आणि आत हाक मारली, "ये गं जरा हिकडं."

आई उंबऱ्याशी येऊन थांबली. "शिकवते की. पर आधी पावण्यांस्नी सांगा, टीव्हीतल्या गुट्या कुणी बांधल्या व्हत्या."

गप बस गं आई, असं मी मनात म्हणत होते. त्याची आज लाज वाटते. पाहुण्यांनी कप हातातच धरले.

"हिनं," वडील पुटपुटले.

"त्यांस्नी ऐकू न्हाय गेलं," आई म्हणाली.