साडभाऊंचा न दिसणारा क्लच

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी माझ्या साडभाऊंइतका घाबरट माणूस सापडायचा नाही, हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूल गावात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत, त्यामुळे त्यांची भीती मी रोज जवळून पाहत आलो आहे. तशी आमच्या भागात घाबरायला गोष्टींची वाण नाही. बांधावर वाघ बसलेला असतो, धानाच्या पेंढ्यांतून साप निघतो, आणि अलीकडे तर पूर्वेच्या जंगलातून हत्तीही येऊ लागले आहेत. साडभाऊ यातल्या कशालाच मोजत नाहीत. रस्त्याच्या कडेला वाघ दिसला तर "बसू द्या जी त्याले, तो का आपल्याले अडवून राह्यला?" म्हणून ते पुढे निघतात. त्यांना भीती वाटते ती फक्त क्लचप्लेट झिजण्याची. आणि तीही अशा गाडीच्या क्लचची, जिला क्लचचा पेडलच नाही.

ही गाडी त्यांच्या मुलीची, प्रणालीची. पोरगी इंजिनीयर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथे तिने कुणाकडून तरी परदेशी बनावटीची, लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन वर्षांनी तिला जर्मनीत काम मिळालं. जाण्याआधी ती गाडी चालवत मूलला आली आणि जिथे पूर्वी धानाची पोती असत त्या शेडखाली लावून गेली. जाताना बापाला म्हणाली, "बाबा, हिले पेडल नाई म्हणून क्लचच नाई असं नका समजू. आत आहे तो. दाबायचं काम मशीन करते, पण झिजते तो आपल्या पायानं." आणि तिने एका कागदावर नियम लिहून दिले. गाडी उभी राहिली की न्यूट्रल. चढावर अॅक्सिलरेटर देऊन तोलून धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. इंचाइंचाने सरकवायची नाही, समोर जागा झाली की मगच निघायचं. गिअर वर जाताना पाय किंचित उचलायचा. रिव्हर्स कमीत कमी, आणि चढावर रिव्हर्स तर अजिबात नाही.

साडभाऊंनी तीस वर्षांहून अधिक काळ प्रवासी बस चालवली होती. त्या तीस वर्षांत क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. जिना चढताना ते एक पायरी चढत आणि दुसरीला विचार करत. अशा माणसाला बिनपेडलची गाडी म्हणजे वरदानच वाटायला हवं. पण त्यांचा तिच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. "गुरुजी," ते मला म्हणाले (मी शाळेतून निवृत्त झालो तरी त्यांच्यासाठी गुरुजीच), "जो क्लच आपल्या पायाखाली नाई, तो आतमधी काय करून राह्यला, कोणाले समजन?" त्या दिवसापासून त्या न दिसणाऱ्या क्लचची चिंता त्यांच्या घरात बिऱ्हाड करून राहिली. प्रणालीचा कागद देवघराशेजारी चिकटवला गेला. ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, एकदा चहा देताना म्हणाल्या, "माह्या कंबरेले कोणी इचारत नाई घरात. त्या क्लचची मात्र रोज इचारपूस."

रिव्हर्स घ्यावा लागू नये म्हणून त्यांनी कुंपण तोडून घराला दुसरं फाटक केलं. गाडी एका फाटकातून आत येई आणि दुसऱ्यातून बाहेर जाई. मधे ताईंची वांगी होती, ती गेली. कुठे लग्नाला गेले तर गाडी मांडवापासून दूर, घराच्या दिशेला तोंड करून लावत, आणि दुखऱ्या गुडघ्याने लंगडत लंगडत जेवायला येत. तोवर पहिली पंगत उठलेली असे. रस्त्यात गुरांचा कळप आडवा आला की लोक गाडी पुढे पुढे रेटतात. साडभाऊ शंभर पावलं मागेच थांबत, न्यूट्रल टाकत, इंजिन बंद करत आणि शेवटची म्हैस नजरेआड होईपर्यंत काचेतून बघत बसत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत, शिव्या घालत, शेवटी वळसा घालून निघून जात. एकदा सिंदेवाहीच्या रस्त्यावर धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर पुढे होता. त्याच्या मागे रांगत जावं लागू नये म्हणून आम्ही एका झाडाखाली इतका वेळ थांबलो, की तो ट्रॅक्टर पोती उतरवून रिकामा परत आला आणि ड्रायव्हरने काळजीने विचारलं, "भाऊ, गाडी बिघडली का जी?"

पण कहर झाला तो सावली गावातल्या एका लग्नात. नवरदेव साडभाऊंच्या चुलत बहिणीचा मुलगा. त्याने हट्ट धरला की वरात मामाच्या लाल गाडीतूनच निघाली पाहिजे. वरात म्हणजे काय? पुढे बँड, नाचणारी मंडळी, आणि मागे माणसाच्या चालीने तासभर सरकणारी गाडी. साडभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. भाच्याला नाही म्हणवेना आणि क्लचचं तर मरण दिसत होतं. ऐन वेळी त्यांनी इंजिन बंद केलं, न्यूट्रल टाकला आणि नवरदेवाच्या सहा मित्रांना मागे लावलं. सावलीच्या भर बाजारातून ती चमचमती गाडी धक्के मारत निघाली. आत फेटा बांधलेला नवरदेव आणि गंभीर मुद्रेने स्टिअरिंग फिरवणारे साडभाऊ. रस्त्याच्या कडेची माणसं हळहळली, "एवढी मोठी गाडी, अन् ऐन लग्नात बंद पडली बापा!" साडभाऊ मात्र त्या दिवशी दोन जिलब्या जास्त खाऊन उठले.

असं हसण्यावारी चाललं होतं. मग आम्ही धानोऱ्याकडे निघालो.

धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात गुडघ्याला लेप लावणारे एक वैद्य होते. साडभाऊंना त्यांच्याकडे जायचं होतं आणि सोबत मी. सकाळी दहाच्या सुमारास जंगल लागलं तेव्हा नाक्यावरच्या वनरक्षकाने आम्हाला थांबवलं. "या बाजूले हत्ती आहेत," तो म्हणाला. "दिसले तं हॉर्न नका वाजवू, इंजिन नका गुरगुरवू, उतरून पळू नका. हळूहळू मांगं जा." साडभाऊंनी मान डोलावली. त्यातलं त्यांच्या मनात काय शिरलं ते मला लगेच कळलं. दोन किलोमीटर गेल्यावर ते म्हणाले, "मांगं जा म्हणते. सोपं आहे का?"

पुढे रस्ता अरुंद झाला आणि एका नाल्याकडे उतरू लागला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल घळ. निम्मा उतार उतरलो आणि वळणावर समोर ती उभी होती. हत्तीण. मी सर्कशीतले हत्ती पाहिले आहेत. पण जंगलातल्या रस्त्यावर, जमिनीला टेकलेल्या गाडीतून मान वर करून पाहिलेला हत्ती हा वेगळाच प्राणी असतो. गाडीच्या काचेत तिचे फक्त पाय मावत होते. कान पसरलेले होते आणि ती आमच्या दिशेने चालत येत होती, घाई न करता, घरच्या अंगणात चालावं तशी.

दार उघडून पळावं असं वाटलं, आणि तेवढ्यात साडभाऊंचा गुडघा दिसला. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. "तुमी जा गुरुजी," ते कुजबुजले. "माह्याच्यानं पळणं नाई होत." मी म्हणालो, "गाडी मागे घ्या."

मागे चढ होता. त्यांनी रिव्हर्स टाकला. जोरात नेता येत नव्हतं, कारण वळण होतं, घळ होती, मागची काच तळहाताएवढी, आणि इंजिन गुरगुरलं असतं तर ती धावली असती. हत्तिणीच्या चालीने, चढावर, उलटं, इंचाइंचाने जायचं होतं. कागदावर जे जे करू नका म्हणून लिहिलं होतं ते सगळं साडभाऊ एकाच वेळी करत होते. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून "डावीकडे, थोडं डावीकडे" असं सांगत होतो. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत आहेत. कान दिला तर ते गाडीशी बोलत होते. "धर माय. थोडा वेळ धर. वळणाच्या वरपर्यंत धर."

जळका वास आला. आधी बारीक, मग नाकात झोंबणारा. समोर एक लाल दिवा लागला आणि गाडी टिक् टिक् असा आवाज करू लागली. हत्तिणीने कान हलवले आणि पाऊल लांब टाकलं. आम्ही आणखी दहा-बारा हात वर गेलो असू. मग इंजिन फिरत राहिलं आणि गाडी जागची हलेना. साडभाऊंनी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. जंगलात एकदम इतकी शांतता झाली की मला तिच्या पोटातली गुरगुर ऐकू आली.

"गेला," साडभाऊ म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरला. बसचं स्टिअरिंग धरून धरून दगड झालेला तो पंजा बर्फासारखा गार होता.

ती आमच्यापासून वीस पावलांवर येऊन थांबली. सोंड लांब केली, आमच्या दिशेने हवा ओढली. गाडीखालून निळसर धूर निघत होता. ती सोंड तिने एकदम आखडून घेतली, डोकं झटकलं, पुन्हा पुढे केली, पुन्हा आखडली. तेवढ्यात तिच्या मागे नाल्यातून एक लहानगं पिल्लू वर आलं, मग आणखी दोन हत्ती. ते रस्ता ओलांडून खडकाच्या कडेने बांबूत शिरले. ती मात्र आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, शेवटचा हत्ती दिसेनासा होईपर्यंत. मग वळली आणि निघून गेली. बांबू मोडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. जळक्या क्लचचा वास हत्तींना सहन होत नाही की तिला फक्त पोराला रस्ता करून द्यायचा होता, हे मी सांगू शकत नाही.

आम्ही हललो नाही. माझा हात सोडायचं साडभाऊंच्या लक्षात नव्हतं. समोर बघत ते बोलू लागले.

"बसवर होतो तवाची गोष्ट आहे. बाजाराचा दिवस, गाडी ठासून भरलेली. चढावर क्लच घसरून राह्यला होता. मले समजलं होतं गुरुजी. सकाळीच समजलं होतं. म्हटलं, आजचा दिवस निघते. अर्ध्या चढावर गाडी मांगं जाऊ लागली. ब्रेक धरत नाई. लोकं उड्या मारून राह्यले. माह्या मांगच्या सीटवर एक म्हातारी बाई होती, टोपली घेऊन. मी वरडलो, बाई, उतरा! तं म्हणते, ड्रायव्हर भाऊ बसला आहे ना, मंग मी कायले उतरू?"

"मग?" मी विचारलं.

"काई झालं नाई. मुरमाच्या ढिगाले टेकून थांबली गाडी. बाई टोपली घेऊन उतरली, घरी गेली. काई नाई झालं. पण ते अजून कानात आहे."

त्यांच्याशी माझं नातं चाळीस वर्षांचं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही क्लचवरून त्यांना हसतच आलो होतो.

तासाभराने वनखात्याची गस्तीवरची जीप आली आणि तिने गाडी ओढून धानोऱ्याला आणली. तिथे चहाच्या टपरीवर साडभाऊंना खरी धडकी भरली. प्रणालीला सांगायचं होतं. त्यांनी तीनदा फोन काढला आणि तीनदा खिशात ठेवला. माझ्यासमोर सरावही केला: "बेटा, क्लच थोडासा..." शेवटी फोन लागला.

"प्रणाली, तुह्या गाडीचा क्लच जळला. चढावर रिव्हर्स घेतली मी."

"काऊन बाबा?"

"हत्ती होता."

मग तिने विचारलं, "किती दूर होता?"

"दूर होता," साडभाऊ म्हणाले. तिने मला फोन द्यायला लावला. "मावसाजी, खरं सांगा. किती दूर होता?" साडभाऊ माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "पुष्कळ दूर होता, बेटा." ती रडत होती. म्हणाली, "त्याईले म्हणा, जळू द्या तो क्लच. इकून टाका ती गाडी." मी निरोप सांगितला. साडभाऊंनी चहाचा रिकामा ग्लास टेबलावर गोल गोल फिरवला आणि म्हणाले, "इकत नाई."

गाडी ट्रकवर चढवून नागपूरला गेली, नवीन क्लच बसवून परत आली. तोवर साडभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काही महिने गाडी चालवायला बंदी घातली होती. ते मुकाट्याने काठी घेऊन अंगणात फिरतात. पण गाडी उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी सकाळी मला बोलावणं येतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, ते शेजारी. मी ब्रेकवर पाय ठेवून इंजिन चालू करतो, आणि दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघं शेडखालीच बसून राहतो. ताई कपडे वाळत घालताना आमच्याकडे बघतात.

परवाच्या रविवारी साडभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तिकडे आता किती वाजले असतीन, गुरुजी?"

मी जर्मनीच्या वेळेचा हिशेब करून सांगितलं, "सहा वाजले असतील. सकाळचे."

"मंग उठली असन," ते म्हणाले, आणि मी इंजिन बंद करायला हात पुढे केला तेव्हा हलकेच त्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू द्या जी. अजून थोडा वेळ."