हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

माणमध्ये सरूआत्यांच्या घरी खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी माझ्या बायकोच्या नोकरीची चौकशी केली. मी कंपनीचं नाव सांगितलं. ते त्यांनी कानाआड केलं.

"काचंची निळी बिल्डिंग? गेटाम्होरं पानटपरी हाय ती?"

मी हो म्हणालो.

"म्हंजी भांडणाच्या वावरात. तितं माज्या दोन चुलत्यांनी बांधापायी एकमेकाची डोकी फोडली हुती. बायकूला सांग, सायबासंगं वाद घालू नगं. जागाच तशी हाय."

आत्यांनी आयटी पार्कातल्या एकाही कंपनीचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. सगळ्या इमारती त्यांच्या लेखी वावरंच होती. कँटीन आंब्याच्या पट्टीत, पार्किंग म्हातारीच्या खाचरात, आणि जिथे मोठमोठे करार होतात ती बारा मजली इमारत 'शेणकीत'. भाडेकरू पोरं हसायची. पण वर्षभरात तीच पोरं फोनवर "मी शेणकीत आहे, उशीर होईल" असं सांगायला लागायची.

आत्या याच गावची लेक. नवरा लवकर गेल्यावर माहेरी परतल्या आणि पुढची चाळीस वर्षं भावांच्या शेतात राबल्या. जमिनी विकल्या गेल्या तेव्हा भावांनी त्यांना चार खोल्या आणि मागचा गोठा दिला. अंगाने काटक, आवाज खणखणीत. थंडीत त्या लुगड्यावर एक काळं जॅकेट घालायच्या. खोली सोडून गेलेल्या कुणा इंजिनिअरचं ते. पाठीवर कंपनीचं भलंमोठं बोधचिन्ह. म्हशीचं दूध काढतानाही ते अंगात असायचं. म्हशीला त्या नुसतं 'बये' म्हणायच्या.

त्यांचा राग हा एक वेगळाच ऐवज होता. एका भावजयीने कुठल्याशा लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. त्यानंतर तीस वर्षं त्या भावजयीच्या हातचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. मी एकदा म्हणालो, "आत्या, जाऊ द्या ना आता, सोडून द्या."

"मी इसरत न्हाई," त्या म्हणाल्या. "इसरत असते तर ह्या वह्या कशा भरल्या असत्या?"

वह्या म्हणजे नऊ शंभरपानी वह्या. सातवीपर्यंत शिकलेल्या आत्यांनी गावातल्या प्रत्येक वावरावर एकेक प्रकरण लिहिलं होतं. नाव कसं पडलं, पाणी कुठून यायचं, कोण कुणाशी भांडलं, कुणाला साप चावला, कुठल्या बांधावर कुणाचं लग्न ठरलं. मी एका रविवारी वाचायला घेतलं आणि जेवायला उठलो नाही. मी पुण्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायचो, म्हणून आत्या मला 'मास्तर' म्हणायच्या. रोज छापील पुस्तकांच्या चुका काढणाऱ्या माणसाला असं लेखन वर्षाकाठी एकदाही भेटत नाही.

"ह्याचं पुस्तक झालं पायजे," आत्या म्हणाल्या. "सातबाऱ्यावर माजं नाव कंदीच लागलं न्हाई. राबले मी, नाव भावांचं. पुस्तकावर तरी लागंल. न्हाई तर मी मेल्यावर ही वावरं हुती हे बी कुणी म्हणायचं न्हाई, अन् मी हुते हे बी न्हाई."

मीच त्यांना आमच्या मालकांकडे घेऊन गेलो. मालकांनी त्यांना अडीच तास बाहेरच्या बाकावर बसवलं. आत बोलावल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाले, "ठेवून जा. वाचून कळवतो." हे वाक्य ते प्रत्येक नव्या लेखकाला ऐकवायचे. वह्या दोन वर्षं कपाटात राहिल्या. आत्या दर महिन्याला विचारायच्या, "काय म्हणतोय तुजा मालक?" आणि मी म्हणायचो, "विचाराधीन आहे."

"आमच्या हितं दोन वर्सं इचार केला तर जमीन पडीक पडती," आत्या म्हणायच्या.

एक दिवस मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, "त्या बाईंच्या वह्या परत कर. नकाराचं पत्र तूच लिही. आणि हो, परत करण्याआधी एक झेरॉक्स काढून ठेव. संदर्भाला." मी विचारलं नाही, कसला संदर्भ. नोकरी होती, घरी नुकतंच मूल झालं होतं, ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितली. नऊच्या नऊ वह्या मी झेरॉक्सच्या काचेवर पालथ्या घातल्या. पत्रही चांगलं लिहिलं: 'आपले लेखन प्रामाणिक आहे, तथापि ते आमच्या साहित्यिक निकषांत बसत नाही. भाषेवर संस्कार होणे आवश्यक वाटते.' 'तथापि' लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

आत्यांनी वह्या उलटसुलट करून पाहिल्या. एक वही उभी धरली, तिचा मोडलेला कणा बोटाने चाचपला आणि आत गेल्या.

आठ महिन्यांनी आमच्याच संस्थेचं नवं पुस्तक निघालं. लेखक एक निवृत्त प्राध्यापक. आयुष्य कोथरूडात काढून गावाकडच्या मातीवर लिहिणारे. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणायचो. पुस्तक होतं माणच्या हरवलेल्या वावरांवर. भाषेवर संस्कार केलेले होते. आणि त्याची मुद्रितं तपासली होती मी. पहिल्याच पानाला मला कळलं होतं, ही कुणाची वावरं. मी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आणि मुद्रितं पुढे पाठवली.

आत्यांना ते लपून राहणं शक्य नव्हतं. त्यांनी पुस्तक मागवलं आणि ओसरीवर बसून मला म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं वाच." मी तीन संध्याकाळी वाचत होतो. शेवटी 'रखमीचं पाऊण' नावाचं प्रकरण आलं. रखमी नावाच्या एका बाईने पैज मारून एकटीने पाऊण एकर भात एका दिवसात लावला, म्हणून त्या तुकड्याला हे नाव पडलं. सरांनी पुढे लिहिलं होतं, की ते स्वतः त्या बांधावर बसले, आणि रखमीच्या नातवाने डोळे पुसत त्यांच्या हातावर मूठभर माती ठेवली.

आत्या एकदम ताठ झाल्या. "थांब. परत वाच." मी परत वाचलं. तेव्हा त्या अशा हसल्या की गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

"मास्तर, हद्दीचा दगड कसा रवत्यात ठावं हाय का तुला?" मी मूळचा परभणीकडचा आणि शेतीशी संबंध नसलेला, मला काय ठाऊक असणार? आत्यांनी सांगितलं. दगड रोवायच्या आधी खड्डा खणतात आणि तळाला ओंजळभर कोळसे टाकतात. वर दगड. कोळसा मातीत कुजत नाही. भाऊबंदाने दगड सरकवला, तर पंचांसमोर जुनी जागा उकरायची. कोळसे जिथे निघतील ती खरी हद्द. "दगड कोन बी हलवतं. पर खाली कोळसा हाय हे चोराच्या ध्यानात येत न्हाई. लिवलेलं परक्याच्या ताब्यात द्यायचं म्हनल्यावर मी बी खाली कोळसा टाकला. रखमीचं पाऊण असं वावरच न्हाई गावात. मी मनानं लिवलंय."

"आणि रखमी?" मी विचारलं.

"रखमी ती काय, तितं रवंथ करतीया."

मग हसू आवरून त्या माझ्याकडे वळल्या. "वाचलेल्या वहीचा कणा मोडत न्हाई. काचंवर पालथी पाडली की मोडतो. तूच पाडलीस न्हवं?"

मी मान खाली घातली. म्हणालो, "खोली सोडतो, आत्या."

"कशाला? डोळ्याम्होरंच ऱ्हा. आदी त्यांचं बघू. तुजं नंतर."

त्यांचं त्यांनी कसं बघितलं, ते सगळ्या गावाने पाहिलं. कोर्टकचेरी केली नाही. गावाच्या नावाने सरळ सत्कार ठरवला. चौकात फ्लेक्स लागला: 'माणच्या मातीला शब्द देणारे थोर साहित्यिक व त्यांचे प्रकाशक यांचे हार्दिक स्वागत'. दोघांचे हसरे फोटो. निमंत्रणाचा फोन मलाच करायला लावला. मालक खूश झाले. म्हणाले, "बघ, गावाने पुस्तक स्वीकारलं." फुकटचा फेटा सोडवत नाही, ही या धंद्यातली जुनी खोड. आत्यांनी ती बाकावरच्या अडीच तासांत बरोबर हेरली होती.

देवळापुढच्या मांडवात गावातली पंचवीस-तीस जुनी माणसं बसली होती. सरांना फेटा, मालकांना फेटा, शाल, नारळ. सरांनी अर्धा तास मातीवर भाषण केलं. मग आत्या पाठीवर कंपनीचं बोधचिन्ह मिरवत उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "सर, लई झ्याक लिवलंय तुमी. आता येवडं रखमीचं पाऊण दावा. आमच्या नव्या पिढीला कुटं हाय ते ठावं न्हाई."

सरांनी डोळे मिटले, उघडले, आणि दोन काचेच्या इमारतींमधून पलीकडे हात केला. "तिथे. ओढ्याच्या वळणावर. मी तिथे बसलो होतो."

मांडवात कुणीतरी खोकलं. आत्या म्हणाल्या, "तितं न्हाई. चला, भेटच घालून देते." फेटे बांधलेले दोघं पुढे, मागे सगळं गाव, अशी वरात आत्यांच्या गोठ्यापाशी थांबली. रखमी शांतपणे कडबा खात होती.

"ही रखमी," आत्या म्हणाल्या. "हिनं पाऊण एकर लावला न्हाई. भावाची पाऊण एकराची रोपं खाल्ली हुती. हिला नातू न्हाई. रेडकू हाय. सर, माती कुनी दिली तुमाला? रेडकानं?"

लोक खाली बसून हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून आठवतो आणि अजून बरं वाटतं. मालकांचा फेटा सुटून खांद्यावर आला होता. कुणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पिरंगुटपासून पुण्यापर्यंत प्रत्येक ग्रुपवर म्हैस फिरत होती. पुस्तक आठवड्यात दुकानांतून परत आलं.

पंधरा दिवसांनी मालक स्वतः आले. आत्यांनी त्यांना ओसरीच्या पायरीवर बसवलं आणि गोठा लोटायला घेतला. नंतर म्हशीला धुतलं, शेण्या थापल्या. अडीच तासांनी हात पुसत आल्या. मालक म्हणाले, पुस्तक आत्यांच्याच नावाने काढू. संस्थेचं नाव, समीक्षा, ग्रंथालयं, पुरस्कार, सगळं मिळेल. स्वतः छापलेल्या पुस्तकाला साहित्यात कुणी विचारत नाही. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठिवून जा. इचार करून कळवते."

ते गेल्यावर मी न राहवून म्हणालो, "आत्या, राग बाजूला ठेवून बघा. ते म्हणतात ते खोटं नाही. दुकानदार अशी पुस्तकं ठेवत नाहीत. वर्तमानपत्रात दोन ओळी येत नाहीत."

"तुजा मालक असं काय करतो, जे पिरंगुटचा संपत करत न्हाई?"

संपतरावांचा छापखाना कारखान्यांच्या खोक्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका छापायचा. मी म्हणालो, "मालक निवडतात. त्यांनी निवडलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो."

"मला निवडलं न्हाई, माजी वावरं निवडली. माज्या पुस्तकाला दुकान नगं. ह्या बिल्डिंगीत हजारानं पोरं बसत्यात. आपल्या बुडाखाली कुनाचं वावर हाय ते त्यांना वाचू दे."

महिन्याभराने मालकांना पत्र गेलं. आत्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं: 'आपली संस्था प्रामाणिक आहे, तथापि ती आमच्या निकषांत बसत नाही. वागण्यावर संस्कार होणे आवश्यक वाटते.' माझं पत्र त्यांना तोंडपाठ होतं. खाली सही आत्यांची, अक्षर माझं. मालकांनी ते ओळखलं आणि माझी नोकरी गेली. आत्या म्हणाल्या, "बरं झालं. आता माजं प्रूफ बघायला येळ मिळंल."

वर्षभर मी त्यांची पानं जुळवत होतो. एक अक्षर बदलायची मुभा नव्हती. 'हाय' तिथे 'हाय'च. पुस्तक संपत आलं तेव्हा आत्यांनी एक नवं प्रकरण हातात दिलं. नाव होतं 'चुका काढणारा'. त्यात एक भाडेकरू होता, नावगावासकट. त्याने वह्या काचेवर कशा पालथ्या घातल्या, पत्र कसं लिहिलं, चोरीचं पुस्तक कसं निगुतीने तपासलं, सगळं होतं. एकही शिवी नव्हती.

"नीट बघ," आत्या म्हणाल्या. "चूक ऱ्हाता कामा न्हाई."

मी बघितलं. स्वतःच्या नावातली वेलांटी मीच दुरुस्त केली.

त्यानंतर आठवड्याभरात आत्यांना न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. पुस्तक छापायचं राहिलं होतं. ते शेवटचं प्रकरण त्यांच्याशिवाय फक्त मी वाचलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. बायको म्हणाली, "आता कोण विचारणार आहे? मुलगा उद्या वाचायला शिकेल." तेराव्यापर्यंत ते प्रकरण मी तीनदा काढलं आणि तीनदा घातलं. शेवटी घालूनच पिरंगुटला गेलो. आत्यांचं नाव असलेल्या पुस्तकात परत एकदा हात घालायची माझी छाती झाली नाही.

संपतरावांनी माझी पानं घेतली. ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं आणि शेवटचं प्रकरण त्यातल्या कागदांशी ओळीन् ओळ ताडून पाहिलं. कागदांवर आत्यांचं अक्षर होतं. मग त्यांनी मशीन सुरू करायला सांगितलं.

"आत्या देऊन गेल्या हुत्या," ते म्हणाले. "मास्तरनं हे पान आणलं तर गप छाप म्हनल्या. न्हाई आणलं, तर माज्याकडचं छाप आन् वर मागच्या कव्हरवर त्याचा फोटू टाक." पाकिटातून त्यांनी फोटोही काढून दाखवला. भाडेकराराला लावलेला माझा पासपोर्ट फोटो.

आत्यांनी माझ्याखाली कोळसा पुरला होता. मला राग आला, रडू आलं, आणि मी पान आणलं हे त्यांना आता कधीच कळणार नाही, याचं फार वाईट वाटलं. मशीनमधून पहिलं कव्हर बाहेर पडलं. वावरांचा नकाशा, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत आत्यांचं पूर्ण नाव.

मी म्हणालो, "संपतराव, आता तो फोटो द्या मला परत."

त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. "त्यो न्हाई मिळायचा. आत्या म्हनल्या हुत्या, आणलं तरी ऱ्हाऊ दे. दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ बी मास्तरच बघनार हाय."