रद्दीतून वाचलेल्या नायिका

डहाणूपासून तलासरीपर्यंत कुणालाही विचारा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लिश बायकांनी लिहिलेल्या प्रेमकथांसाठी भांडायला उठणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते मसोलीला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचं. आमच्या शाळेतल्या रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाई. मी अख्ख्या गावाच्या नकला करतो, पण माझा सगळ्यात हिट आयटम बाईच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला आणि दारातल्या दूधवाल्याला दम, "थांब रे! नायिका खिडकीत रडतेय, तिला टाकून पातेलं आणू का?" रविवारी नरपडला मासळी घ्यायला गेल्या की बोंबील सुकवणाऱ्या बायकांना मराठीत गोष्ट सांगत बसायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, हे तर टीव्ही सिरियलसारखंच." त्यांनी बांबूवरच्या बोंबलांकडे बोट दाखवलं. "बघ, जबड्यात जबडा अडकवून जोडी टाकलीय. एक काढ, दुसरा पडेल. माझ्या लेखिकांच्या पुस्तकातली प्रकरणं अशी असतात, गाढवा. तुझी सिरियल म्हणजे टोपलीत ओतलेली मासळी!"

आणि मग गावच्या वाचनालयाने ठरवलं, बाईंच्या लाडक्या जुन्या इंग्लिश प्रेमकथांचं कपाट रद्दीत द्यायचं. बाईंची दोन दिवस जेवणावरची वासना उडाली. मीटिंगला अध्यक्ष, म्हणजे एक रिटायर प्रोफेसर, म्हणाले, "सवंग हो बाई! मुलगी गरीब, मुलगा श्रीमंत, शेवटी लग्न. यात कला कुठाय?" मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण त्या गोड आवाजात म्हणाल्या, "खरंय सर. लग्न होणार हे पहिल्या पानावरच कळतं," आणि गोष्टच सुरू केली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नायिका नवऱ्यामुलाच्या कोटाचं अस्तर शिवतेय. बोटाला काहीतरी टोचतं. अंगठी! तिच्याच हरवलेल्या बहिणीची. जिन्यावर पावलं वाजतात, दाराची कडी हलते, आणि...

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि खाली बसल्या.

"आणि?" अध्यक्ष.

"आणि काय सर? तिसरा भाग. वरचा खण. जाणार ना रद्दीत?"

मागून बाईंची गोष्ट ऐकायला आलेली आमची नरपडची मासेवाली ओरडली, "ओ अध्यक्ष, कपाटाला हात लावाल तर याद राखा!" कपाट राहिलं. तिसरा भाग सगळ्यात आधी कोणी नेला? अध्यक्षांनी, पिशवीत लपवून! बाहेर येऊन बाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "शेवट माहीत असून माणूस तडफडतो, ती कला!"

गेल्या वर्षी बाई मुलाकडे बडोद्याला गेल्या. जाताना मला एक गोष्ट अर्धीच सांगितली. नायिका बोटीत चढली, तो धक्क्यावर राहिला, तिने मागे वळून पाहिलं, आणि... "बाकीचं आल्यावर." पुस्तक त्याच कपाटात आहे, हात लांब केला की मिळेल. मी काढत नाही. मीच वाचून टाकलं, तर बाईंना परत यायला कारण काय उरेल?