साबणाचा एक थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘स्पंजबाई’ म्हणत. समुद्रतळाच्या खडकांना चिकटलेले स्पंज वाटायचे, त्यांचा अर्क काढायचा आणि रोगाला हातभार लावणारं एखादं एन्झाइम तो रोखतो का ते बघायचं, हे तिचं काम. स्पंजाला पळता येत नाही की चावता येत नाही. तो स्वतःला रसायनांनी वाचवतो. त्यातूनच कधीतरी औषध निघेल, अशी तिची खात्री होती.

एका अर्काने अन्नातल्या पिष्टाची साखर करणारं एन्झाइम पार थंड पाडलं. प्रयोगशाळेच्या साहेबांना दम कुठला! त्यांनी लगेच वार्ताहराला बोलावलं. पेपरात बातमी आली, ‘मधुमेहावर समुद्राचं औषध’, वर तिचा फोटो. राहून गेलेली तपासणी तिने त्यानंतर केली. नळीत साबणाचा थेंब टाकला, तर एन्झाइम पुन्हा कामाला लागलं. अर्काच्या बारीक गुठळ्या होत होत्या आणि एन्झाइम त्यांना चिकटून बसत होतं, इतकंच. साबणाने गुठळ्या फुटल्या की ते सुटत होतं.

“पोटात काय साबण असतो?” साहेब म्हणाले. “आधी शास्त्रज्ञांची परिषद होऊ दे, मग बघू.”

संध्याकाळी ती भावाकडे गेली. दारातच वहिनी म्हणाली, “वन्सं, यांनी साखरेवरच्या गोळ्या बंद केल्यात. आता तुम्हीच बघा.”

“घरचं औषध येतंय, मग ते कशाला गिळू?” दादा म्हणाला.

“ते औषध नाही, दादा.”

“मग पेपरात कोण होतं, तुझी जुळी बहीण?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला काय बोलणार? त्याने छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि त्या शब्दाशेजारी तिचं तोंड होतं.

सकाळी तिने त्याला ओढतच प्रयोगशाळेत नेलं. “एन्झाइम चाललं की पाणी पिवळं होतं. आता बघ.” अर्काच्या नळीत थेंब पडला. थोड्या वेळाने पिवळेपणा चढू लागला.

दादा बघत राहिला. “म्हणजे याने काहीच होणार नाही?”

“काहीच नाही.”

“पाणी दे. गोळी आहे खिशात. तुझ्या वहिनीने न विचारता कोंबलीय.”

“इथे प्यायचं नसतं. बाहेर चल.”

दारात साहेब उभे होते. “बाहेरच्या माणसांना इथे आणायची पद्धत नाही.”

“हा एकच आणता आला, साहेब. पेपर वाचून बाकी कुणी गोळ्या सोडल्या असतील, त्यांना कुठून आणू?”

साहेबांच्या देखत तिने वार्ताहराला फोन लावला.

“औषध सापडलं नाही, ही काय बातमी झाली, ताई?” तो हसला.

“झाली,” ती म्हणाली. “माझा फोटो आहेच तुमच्याकडे. तोच लावा. घ्या लिहून.”