बसथांब्यासमोरचे भाई

यंत्रावर अंगठा लागला नाही की भाई समोरच्याचं बोट हातात घेत, खांद्यावरच्या रुमालानं पुसत आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत. मग म्हणत, "बोट थकलंय, मावशी. बाकी काई नाय. चार दिवस भांडी घासू नका, मंग या."

करमाडला बसथांब्यासमोर त्यांचं सेवा केंद्र होतं. जालना रस्त्यानं जाताना तुम्हीही ती रांग पाहिली असेल. शेतकऱ्यांना मिळणारा सरकारी हप्ता चालू राहायचा तर बोटाच्या ठशानं ओळख पटवावी लागे. कापूस वेचून आणि भांडी घासून बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असत. भाईंचा उपाय बऱ्याचदा लागू पडे.

एक बाई म्हणाली, तोंडी सांगितलेलं घरात कोणी मानणार नाही. भाईंनी कागदावर 'चार दिवस भांडी बंद' असं लिहून खाली केंद्राचा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा तो कागद घेऊन हजर.

"शिक्का तुमचा, भाई. मंग घासायला बी तुमीच या."

"येतो की. घासणी तेवढी नवी आणून ठेव."

चार दिवस भांडी त्या नवऱ्यानंच घासली, हे भाई पुढं प्रत्येक रांगेला ऐकवत.

गावाच्या टोकाला एक म्हातारी खुब्याचं हाड मोडून पडून होती. ओळख पटली नाही म्हणून तिचा हप्ता थांबला होता. भाईंनी एका दुपारी केंद्र बंद केलं, यंत्र पिशवीत घातलं आणि बातमीसाठी आलेल्या मला, एका दैनिकाच्या वार्ताहराला, मोटारसायकलवर मागं बसवून तिच्याकडे नेलं. त्यांनी तिचे हात कोमट पाण्यात धरून ठेवले. दोन्ही अंगठे लागले नाहीत. मधलं बोट लागलं.

"हे एक अजून तरणं हाय, आजी," भाई म्हणाले. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

परतताना ते म्हणाले, "लिवा, पण माझं नाव नका टाकू." मला तो विनय वाटला. कारण विचारायला हवं होतं.

बातमीत मी नाव टाकलं नाही. 'करमाड बसथांब्यासमोरील केंद्रचालक' असं लिहिलं. तिथं केंद्र एकच होतं. यंत्र नेमून दिलेल्या जागेबाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. आठवड्याभरात भाईंचं केंद्र बंद करण्यात आलं.

मी संबंधित अधिकाऱ्याला भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल माझ्याकडे वळवली. तक्रार कुणाचीच नव्हती. आत पुरावा म्हणून माझ्या बातमीचं कात्रण लावलेलं होतं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा तीच फाइल दाखवली.

चार महिन्यांनी भाई बजाजनगरात भेटले. एका झेरॉक्सच्या दुकानात ते नोकरीला लागले होते. मी माफी मागितली. हातातले कागद बाजूला ठेवून त्यांनी चहा सांगितला.

"तुमी चांगलंच लिवलं होतं," ते म्हणाले. चहा आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या आजीचं आता कोण करतं?"

मला माहीत नव्हतं. बातमी छापून आल्यावर मी कार्यालयात दोनदा गेलो होतो. तिच्या घरी एकदाही नाही.