आतल्या खोलीचं छत

बोईसरच्या आमच्या फ्लॅटचं छत पडत होतं, पण एकदम नाही. एकदम पडलं असतं तर आम्हीही एकदम निघालो असतो. आज बशीएवढा पोपडा, पंधरा दिवसांनी ताटाएवढा, असं त्याचं चाललं होतं. आतल्या खोलीत तर गंजलेली सळई उघडी पडली होती आणि नेमकी तिच्याखाली माझी मुलगी झोपायची. मी तिची गादी रोज थोडी थोडी सरकवत दारापाशी आणली. शेवटी ती बाहेरच्या खोलीत आली आणि आतली खोली आम्ही कपाटाला आणि ट्रंकांना देऊन टाकली.

इमारत काही जुनी नव्हती. तारापूरच्या कारखान्यांत माणसांचा लोंढा येत होता, त्यांच्यासाठी बोईसरला भराभर इमारती उठत होत्या, त्यांतलीच ही एक. खाडीची रेती न धुताच वापरली, असं सगळेच म्हणायचे. मला पुराव्याची गरज नव्हती, पडलेल्या पोपड्यांत बारके शिंपले मिळायचे. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या बाईला एकदा ते दाखवले, तर ती टोपली खाली ठेवून हसत सुटली. "आमी खाडीच्या काठाला, आन तुमी खाडीच्या खाली! असा कसा गो बाय?" मलाही हसू आलं आणि तिची पाठ वळल्यावर रडू आलं.

मग एके दुपारी वरच्या मजल्याची गॅलरी खाली आली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या गॅलऱ्यांना लाकडी बल्ल्यांचे टेकू लागले आणि आमची इमारत कुबड्या घेऊन उभी राहिली. माझा नवरा कारखान्यात सुपरवायझर, स्वभावाने थंड. "बघू, काहीतरी करू," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"विका हे घर," मी म्हणत होते. विकायला काढलंही. गिऱ्हाइकं यायची, चहा प्यायची, वर बघायची आणि "कळवतो" म्हणून काढता पाय घ्यायची. त्यांतल्या कुणीही आजतागायत काही कळवलेलं नाही. बेटेगावचे एक गृहस्थ तर रस्त्यावरूनच टेकू पाहून परतले, त्यांनी स्कूटरसुद्धा बंद केली नाही.

विकलं जात नाही म्हटल्यावर एकच वाट राहिली. हे घर भाड्याने द्यायचं आणि येणाऱ्या भाड्यात पालघरला दुसरं भाड्याने घ्यायचं. मी लगेच तयार झाले. फक्त एक अट घातली, लेकुरवाळ्या कुटुंबाला द्यायचं नाही. या अटीचा मला तेव्हा केवढा आधार वाटला! कुंभवलीहून एक जोडपं बाळाला घेऊन आलं. त्या बाईला स्वयंपाकघरातला नळ फार आवडला, दोनदा सोडून पाहिला तिने. मी तिला सरळ सांगितलं, घर दुसऱ्याला दिलंय.

दिलं ते तीन बिनलग्नाच्या कामगारांना. तिघेही बीडकडचे, वेगवेगळ्या कारखान्यांत लागलेले, तोवर एका पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन छत दाखवलं आणि बजावलं, "इथे सामान ठेवा, कपडे वाळत घाला, पण झोपायचं नाही." तिघांनी माना वर केल्या. त्यांतला एक हसून म्हणाला, "वहिनी, तुमी आमची शेड पाहिली न्हाई." नवऱ्याने मला बाजूला घेऊन म्हटलं, "आपण सांगितलंय ना, मग झालं." आणि आम्ही टेम्पो भरला.

पालघरला पहिले काही दिवस मी मेल्यासारखी झोपले. मुलगी खोलीच्या मधोमध हातपाय पसरून झोपायची. तिच्याकडे पाहून जीव सुखावायचा आणि तेवढ्यातच बोईसरची खोली डोळ्यांपुढे यायची. जोराचा वारा सुटला की मी हातातलं काम टाकून उठायची. शेजारी कुणी पाट आपटला तरी दचकायची. भाडं द्यायला ती मुलं स्वतः यायची, तरी मी काहीतरी निमित्त काढून एस.टी. पकडायची. कधी तवा राहिला, कधी तुळशीची कुंडी राहिली. नवरा म्हणायचा, तू मुद्दाम विसरून आलीस की काय सगळं?

अशीच एका दुपारी गेले. एकाने दार उघडलं, स्टोव्हवर त्याचं कालवण चढलेलं होतं. दुसरा कामाला गेला होता. तिसरा आतल्या खोलीत, बरोबर सळईखाली खाट टाकून घोरत होता. रात्रपाळी करून आला होता बिचारा. बाहेरच्या खोलीत स्टोव्हची घरघर, रेडिओ, जाण्या-येण्याची वर्दळ, तिथे झोप लागायची कुणाला? तिघांच्या पाळ्या तीन. म्हणजे दिवस असो की रात्र, त्या छताखाली कुणी ना कुणी झोपलेलं असणारच. आम्ही सोडलं तेव्हा तिथे कपाट होतं, आता ती खोली एक क्षणही रिकामी नव्हती. कारखान्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात इतकी वर्षं राहून ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

मी आरडाओरडा केला. त्याने डोळे चोळत खाट बाहेर ओढली. पुढच्या खेपेला खाट पुन्हा आत.

"त्यांना घर सोडायला सांगा," मी नवऱ्याला म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, "सांगतो. मग तिथलं भाडं बंद होईल आणि इथलं भरता येणार नाही. आपल्याला परत तिथेच जावं लागेल. मग तिथे कोण झोपेल, तेही तूच सांग."

 त्याचा राग आला, तरी पुढचं भाडं मी मोजून घेतलं.

श्रावणात पावसाने झोडपून काढलं. पाऊस ओसरला त्या सकाळी मी गेले, तर दार एका म्हातारीने उघडलं. त्या हसऱ्या मुलाची आई गावाहून आली होती. मी घरमालकीण म्हटल्यावर तिला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. "या बाई, बसा," म्हणत तिने पोतं अंथरलं, ठेचा-भाकरी पुढे केली.

"आमचं गावाकडं धाब्याचं घर," ती सांगत होती. "पाऊस लागला की वरची माती कवा खाली येईल नेम न्हाई. पोरगं इथं आलं तर पत्र्याखाली ऱ्हायलं. मला रातरात झोप नसायची. आता म्हनला, आये, डोक्यावर पक्का स्लॅब हाय. तवापासून निवांत झोपते बघा. लई उपकार झाले तुमचे."

हातातला घास मी परत भाकरीवर ठेवला. मी उठले, तिचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिचा मुलगा डोळ्यांवर आडवा हात घेऊन झोपला होता. मी वर बोट केलं. सळई दाखवली, तिच्या बाजूला आलेला नवा फुगवटा दाखवला. मग मला थांबताच येईना. खाडीची रेती, पडलेली गॅलरी, दारापर्यंत सरकवत आणलेली मुलीची गादी, पोरंबाळं असलेल्यांना घर द्यायचं नाही हा माझा शहाणपणा, सगळं मी भडाभडा ओकून टाकलं. "मावशी, हा स्लॅब पक्का नाही," मी म्हणाले, "मी यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वाकली, मुलाच्या पांघरुणावर पडलेला एक पोपडा उचलून तिने तळहातावर घेतला आणि बोटाने उलटून पाहिला.

"तुमची लेक आता कुटं झोपते?" तिने विचारलं.

"पालघरला."

"बरं हाय," ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच बरं वाटल्यासारखी म्हणाली. मग तिने मुलाच्या खांद्याला हात लावला. "ऊठ रं बाबा. खाट धर तिकडून."

तो झोपेतच उठला. मी एका बाजूने हात लावायला पुढे झाले, तर तिने मान हलवून नको म्हटलं. खाट त्या दोघांनीच बाहेर नेली.