राहीबाईंचा जास्तीचा इलेक्ट्रॉन

अंजूरच्या अंगणवाडीत राहीबाई मदतनीस होत्या. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. अंगणवाडी चालायची ती त्यांच्याच जिवावर. सेविकाबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. ती जागा राहीबाईंना हवी होती, अगदी मनापासून हवी होती. अडलं होतं ते दहावीवाचून. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या बाहेरून परीक्षेला बसल्या. नवरा बाळाराम म्हणाला, "आता काय कलेक्टर व्हायचं हाय?" राहीबाईंनी त्याला त्या दिवशी नुसता कोरडा भात वाढला. विषय संपला.

विज्ञानासाठी त्या रिक्षाने धामणकर नाक्यावर यामिनीबाईंच्या क्लासला जात. यामिनीबाई वयाने लहान, पण शिकवणारी ती बाईच. अणुक्रमांक तितके प्रोटॉन, हे राहीबाईंना एका दमात कळलं. वस्तुमानांकातून प्रोटॉन वजा केले की न्यूट्रॉन, तेही कळलं. घोडं अडायचं इलेक्ट्रॉनपाशी. प्रोटॉन जितके, इलेक्ट्रॉन तितकेच, हे तोंडपाठ होतं. तरी आकृतीत दर वेळी एक जास्त. सोडिअमला अकराऐवजी बारा, क्लोरीनला सतराऐवजी अठरा. जगातला एकही अणू त्यांनी उपाशी ठेवला नाही.

शेवटी यामिनीबाईंनी त्यांना ताटात इलेक्ट्रॉन म्हणून वाल मांडायला लावले आणि शेजारी बसून पाहिलं. पहिला वाल ठेवताना राहीबाई पुटपुटल्या, "लाभ." दुसऱ्यापासून एक, दोन, तीन. धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची रीत; इतर घरांत लाभ म्हणजेच एक धरतात. राहीबाईंच्या सासरी लाभ वेगळा आणि एक वेगळा.

"पहिला मोजलाच नाहीत तुम्ही," यामिनीबाई म्हणाल्या.

"पयला देवाचा, बाई. सासूनं भात मापताना तो कधी मोजला न्हाय."

यामिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "राहीबाई, अणूत देवाचा वाटा नसतो. एक जास्त झाला की तो क्लोरीन उरत नाही, क्लोराइड आयन होतो. हात जरा आखडता घ्या."

हात आखडता घ्या, असं त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. फार जड गेलं बिचारीला. पण जागेसाठी तेही केलं. वाल मोजून मोजून परीक्षेआधी सतरा म्हणजे सतराच यायला लागले.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, विज्ञानात दोन-तीन गुणांनी गेल्या. जागा गावातल्याच एका दहावी पास सुनेला मिळाली.

यामिनीबाईंनी प्रश्नपत्रिका मागवून पाहिली. पाच गुणांना विचारलं होतं: मिठातल्या क्लोराइड आयनाची आकृती काढा आणि कण मोजा.

"अहो, हा तर तुमच्या हातचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "प्रोटॉन सतरा, न्यूट्रॉन अठरा, इलेक्ट्रॉनही अठरा. बरोबर आला असेल ना?"

"अठरावा काढला व्हता," राहीबाई म्हणाल्या. "आपसूक गेला हातातनं. क्लोराइड लिवलेलं दिसलं, पन वाटलं माझाच हात वाकडा."

"मग?"

"मंग तुमचा शब्द आठवला, बाई. नि रबरानं खोडला."